कागदी कप

आमच्या मंगळवार पेठेतली गल्ली झाडायला येणाऱ्या बाईंचं नाव मला ठाऊक नाही. मी समतेवर कुठंही तासभर बोलतो, त्या गडबडीत नाव विचारायचं राहून गेलंय. बाई कंत्राटावर आहेत आणि कचरा उघड्या हातांनीच भरतात. ठेकेदारानं हातमोजे दिले होते ते फोटोपुरते, फोटो झाल्यावर काढून घेतले. आमच्या दारात आल्या की त्या झाडू माझ्या स्कूटरला टेकवतात, पदरानं तोंड पुसतात आणि पायरीवर ऐटीत बसतात.

परवा मी त्यांना पहिल्यांदाच चहा दिला. माझा कपबशीत होता, त्यांचा कागदी कपात.

"पावणं, घरातल्या कपबश्या फुटल्या व्हय?"

"तसं नाही, बाई. हा वापरून टाकून देता येतो."

"व्हय की. आन् टाकलेला उद्या उचलणार कोण? मीच न्हवं?"

फुरके मारत त्यांनी चहा संपवला, कप चुरगळला आणि माझ्या हातावर ठेवला. मी तो दोन बोटांच्या चिमटीत धरला.

बाईंनी त्या चिमटीकडं निवांत बघितलं.

"तुमास्नी बी हातमोजं दिलं न्हायत वाटतं," म्हणाल्या आणि झाडू घेऊन पुढच्या दाराकडं गेल्या.