सुवार्तामावशीचा कच्चा भात

आमच्या चर्चचा भात आजवर कधी धड शिजला नाही, आणि त्याला जबाबदार असलेली बाई काल गेली.

सुवार्तामावशी.

मारेगावच्या आमच्या छोट्याशा मंडळीची स्वयंपाकीण. खरं सांगायचं तर मालकीणच.

जे आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे रोज भात टाकायच्या आधी प्रत्येक घरात एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांचे डबे चर्चमध्ये येतात आणि एकाच गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, रिकामे होतात. उपासना झाली की सगळे एका पंगतीत बसून तोच भात खातात. आम्ही त्याला प्रीतिभोजन म्हणतो.

आता कोणाचा सुवासिक चिन्नोर, कोणाचा रेशनचा जाडा, कोणाचा दोन वर्षं जुना. अर्धा भात गिचका व्हायचा, अर्धा दाताखाली कचकच वाजायचा.

गंमत म्हणजे हीच मावशी शाळेत पोषण आहार शिजवायची. तिथली खिचडी एकदाही बिघडली नाही.

काही वर्षांपूर्वी मी मंडळीचा सेक्रेटरी झालो. अंगात फार सुधारणा शिरल्या होत्या. त्यात कापणीच्या सणाला नागपूरहून पाहुणे येणार होते. त्यांना कचकच भात वाढायचा या विचारानेच मला घाम फुटला.

“मावशी, या वेळी मुठी नको. मी दुकानातून चांगल्या तांदळाचा कट्टाच आणतो.”

“आण बाप्पा,” ती म्हणाली. एवढंच.

भात असा मोकळा झाला की पाहुण्यांनी दोनदा मागून घेतला. मी लगेच फोटो काढून इथेच फेसबुकवर टाकला. शंभराच्या वर लाइक होते.

मग मी दर महिन्याला तांदळाचं पोतं, कट्टाच आणायला लागलो.

आमचे याकोबबाबा मुकुटबनहून यायचे. म्हातारा एकटा माणूस. एसटीने वणीला यायचं, तिथून दुसरी गाडी धरून मारेगाव. हातात बायबल आणि रेशनच्या तांदळाची कापडी पिशवी.

सणानंतरच्या महिन्यातही ती आणली होती. मी मोठ्या प्रेमाने म्हणालो, “बाबा, आता हे लागत नाही. तुम्ही फक्त जेवा.”

त्यांनी मान हलवली. पिशवी पुन्हा गुंडाळून बगलेत धरली आणि शेवटच्या ओळीत बसून जेवले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

महिना उलटला. मी मावशीला म्हणालो, बाबांची तब्येत बरी नसावी.

“तब्येत चांगली हाय त्यायची. तू त्यायले पाहुणा करून टाकला.”

“मी तर त्यांना फक्त जेवा म्हणालो होतो.”

“पाहुणा किती दिस येईन गा? गाडी काढ.”

माझ्या मोटरसायकलवर मावशी मागे बसली. मांडीवर चर्चचा रिकामा डबा. तो घट्ट धरून ती मुकुटबनपर्यंत आली.

याकोबबाबा ओसरीत बसले होते. आम्हाला पाहून उठले, पाणी दिलं. मावशीने डबा माझ्या हातात ठेवला.

“मांग.”

ज्याच्या घरात एकच चूल, एकच माणूस आणि रेशनचं धान्य, त्याच्यापुढे डबा धरून मी उभा होतो. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही.

“बाबा, आमच्याइथं भात कमी पडून राह्यला.”

साफ खोटं होतं. अर्धा कट्टा चर्चच्या खोलीत पडून होता, आणि भात कमी पडत नाही हे तिघांनाही माहीत होतं.

बाबांनी माझ्या हातातला डबा पाहिला. मग आत गेले आणि तांदळाने गच्च भरलेला स्टीलचा डबा घेऊन आले.

“मूठ तं रोज काढूनच राह्यलो होतो,” ते म्हणाले. “मले वाटलं, इचारायले कोनी तरी येईनच.”

मी तिथेच रडलो. मावशीने मात्र झाकण उघडून किडे झाले की काय ते आधी पाहिलं.

चर्च म्हणजे काय, यावर मी जन्मभर उपदेश ऐकलेत. पण मला ते कळलं मुकुटबनच्या त्या ओसरीत, हातात रिकामा डबा असताना.

पुढच्या प्रीतिभोजनाला सगळ्यांच्या मुठी परत गंजात पडल्या. याकोबबाबा पहिल्या ओळीत. एक घास खाऊन म्हणाले, “सुवार्ता, भात जमला नाही वं आज.”

“तुमचाच तांदूळ शिजत नाही, मी काय करू?”

आख्खी पंगत हसली. इतकी, की पाळकसाहेबांना ठसका लागला.

काल तिला माती दिली. आज सकाळी तिच्या सुनेने मला बोलावून तिचा मुठीचा डबा दिला. शेवटच्या आठवड्यात मावशीला बसवत नव्हतं, तरी रोज डबा खाटेवर मागून घ्यायची. मूठ नीट वळत नव्हती. चादरीवर सांडलेले दाणे वेचून सून डब्यात टाकायची.

परवाच्या दिवसापर्यंतची मूठ त्यात आहे.

रविवारी तो डबा गंजात रिकामा होईल. सगळ्यांनी या. आपापली मूठ घेऊन या. भात कच्चा असेल, याची खात्री मी देतो.

मावशी, प्रभूच्या पंगतीत आज तुझं पान मांडलं असेल.

पण तू पाहुणी होऊन बसणार नाहीस. पदर खोचून, तिथला गंज कुठे आहे ते विचारत असशील.

जा मावशी, सुखाने जा. इथला गंज आम्ही चढवतो.