‘यू ऑलराइट?’चे अर्थ

मी आमचं गाव, बेळगावकडचं गुंजी, सोडलं त्या सकाळी स्टेशनवर इतकं धुकं होतं की गाडी आली ती आवाजानंच कळली. आईनं पिशवीत चटणीची बरणी कोंबली. थोरल्या भावानं, अण्णानं, बॅगा चढवल्या. वडील, आप्पा, खिडकीचा गज धरून उभे होते. “पोचल्यावर फोन कर. बरं हाय एवढं सांगितलंस तरी बास,” म्हणाले. गाडी हलली. आधी त्यांचा सदरा धुक्यात विरला, मग टोपी, आणि मग स्टेशनच विरलं.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या हॉस्पिटलात, वृद्धांच्या वॉर्डात, मी नर्स म्हणून रुजू झाले. पहिल्याच सकाळी पॉलीन नावाची सीनियर नर्स समोरून येत म्हणाली, “यू ऑलराइट?” मला वाटलं, माझा चेहरा उतरलेला दिसतोय. मी सांगू लागले, झोप झाली नाही, खोलीचा हीटर बंद आहे, आईची आठवण येते. मान वर केली तर पॉलीन कॉरिडॉरच्या टोकाला पोचली होती.

हळूहळू उलगडत गेलं. सकाळी विचारलं तर तो नुसता नमस्कार. दुकानात विचारलं तर ‘काय हवंय?’. बसमध्ये धक्का लागल्यावर ‘लागलं का?’. आणि कुणी चहा विचारल्यावर आपण ‘आय ॲम ऑलराइट’ म्हटलं तर चहा मिळत नाही, कारण त्याचा अर्थ ‘नको’. पहिले काही दिवस मी असाच बराच चहा घालवला.

ते शब्द झोपेतही यायचे. स्वप्नात गुंजीच्या वाटेवर भाताची कापणी चाललेली, बायका विळे थांबवून विचारायच्या, “यू ऑलराइट?” मी उत्तर द्यायला तोंड उघडायचे, आणि धुकं आत शिरायचं.

घरी फोन केला की आप्पा म्हणायचे, “बरं हाय. तू कशी हाईस?” मी म्हणायचे, “बरी हाय.” एवढ्यावर फोन संपायचा. व्हिडिओ लाव म्हटलं की अण्णा सांगायचा, नेटवर्क न्हाय.

मग एका दुपारी, कामावर निघता निघता वहिनीचा फोन आला. बोलता बोलता ती खुशीत म्हणाली, “आज आप्पा वॉकर घेऊन पडवीपतोर आले बघा.”

“वॉकर? कशाला?”

तिला रडू फुटलं. मग रडतच सगळं सांगितलं. आप्पा बांधावरून पडले होते, खुबा मोडला होता, बेळगावात ऑपरेशनही होऊन गेलं होतं. “तुमास्नी सांगू नका म्हनाले. म्हनाले, पोरगी तितनं काय करनार?”

मी तशीच वॉर्डात गेले. औषधांच्या ट्रॉलीपाशी पॉलीननं नेहमीसारखं विचारलं, “यू ऑलराइट?” आणि या वेळी ती पुढे गेली नाही. हातातला ट्रे खाली ठेवला आणि उभी राहिली. तेच दोन शब्द, तोच सूर. पण ती उत्तराची वाट बघत होती. मी “नो” म्हणाले. त्या वॉर्डात हा शब्द मी स्वतःबद्दल पहिल्यांदाच उच्चारला. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि माझ्या रजेसाठी स्वतः धावपळ केली.

गुंजीला पोचले तेव्हा आप्पा पडवीत उन्हाला बसले होते. किती वाळले होते!

“आप्पा, बरं हाय काय?”

सवयीनं त्यांनी मान डोलावली. मी तशीच त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. ऊन त्यांच्या पायांवरून सरकत भिंतीला लागलं. मग ते म्हणाले, “न्हाय गं बाय. लई दुखतंय. आन भ्या बी वाटतंय, परत शेतावर जायला जमंल का न्हाय म्हनून.”

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला. आई आतून आली, शेजारी टेकली. माझ्याच्यानंही मग राहवलं नाही. तिकडे सुट्टीच्या दिवशी कुणाशी एक शब्दही बोलणं होत नाही, हे मी पहिल्यांदाच दोघांना सांगितलं.

आता मी पुन्हा लीड्सला आहे. आप्पा काठीवर चालतात. शेतावर एकटे जात नाहीत, अण्णाच्या गाडीवर मागं बसून जातात. रविवारी ते स्वतः फोन करतात आणि खूप वेळ बोलतात. कुठं दुखतं, कशानं झोप मोडली, आई कशावरून चिडली, सगळं. मीही सांगते. मागं कोंबड्यांचा कलकलाट चालू असतो, मध्येच आईचा आवाज येतो. तेवढा वेळ मी नेमकी कुठं बसलेय, ते मला आठवत नाही.