भाला, खंजीर आणि घणकाकू

घणकाकूला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण सुपरहिरोच्या कॉमिकमधली एक चूक तिच्या नजरेतून सुटत नसे. कुंभिवलीला हायवेच्या कडेला तिची लोखंडकामाची शेड होती. तिथं विळे, कोयते, कुदळी बनत. नवरा होता तोवर तो सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि ही वरून घण घालायची, म्हणून गावभर तिचं नाव घणकाकू. नवरा गेल्यावर पुतण्या सांडशी धरायला लागला, पण घण तिनं साठीतही कुणाच्या हाती दिला नाही. दंड असे, की आमच्या अग्निपालच्या चित्रकारानं ते आधी पाहिले असते तर नायकाचे दंड खोडून पुन्हा काढले असते.

अग्निपाल हा आमच्या कॉमिकचा नायक. दर महिन्याला अंक यायचा आणि कर्जतपासून मोहोपाड्यापर्यंतचे आम्ही अकरा जण तो वाचून व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांचं डोकं खायचो. अकराही जण नोकरीधंद्याचे, दोघांना तर पोरंबाळं. मी मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. ग्रुपचा ॲडमिन मंगेश, कर्जतच्या भातगिरणीवाल्यांचा. शाळेपासूनचा माझा दोस्त. अग्निपालकडे जळता भाला होता आणि भाल्याला एक अट होती: अग्निपाल एकटा, जोडीदाराशिवाय असेल तोवरच भाला जळणार. मंगेशला ही अट जगातली सर्वांत थोर कल्पना वाटायची.

मुंबईत एका मेळाव्याला अग्निपाल बनून जायचं माझ्या डोक्यात आलं, तेव्हा भाल्याचं पातं करून घ्यायला मी घणकाकूकडे गेलो. नमुना म्हणून अंक पुढे केला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो भाला हाय का झुंबर? एवढी नक्षी सांभाळायची, मंग मारायचं कवा?" मग पुढचं पान. "आन् पाठीवर ही चादर कशापायी? भट्टीजवळ उभा ऱ्हायला तर पेटंल की ह्यो."

पातं तिनं केलं, पण नक्षी काढून टाकून. वर म्हणाली, "म्होरं काय झालं त्याचं, ते सांगून जा." मी बसलो आणि सगळा अंक वाचून दाखवला. पुढच्या रविवारी मागचे अंक घेऊन गेलो. मग हळूहळू ग्रुपमधले बाकीचेही यायला लागले आणि रविवारी सकाळी तिच्या शेडमध्ये आमची बैठक बसू लागली. ती आम्हाला चहा द्यायची आणि चित्रकाराला शिव्या. "मूठ अशी धरली तर मनगाट जाईल. ह्यानं जल्मात विळा तरी धरलाय का?" हे वाक्य तर दर अंकाला ठरलेलं.

आणि मग तो अंक आला. अग्निपाल तडिता नावाच्या लढवय्यीच्या प्रेमात पडला. नुसता पडला नाही, तर स्वतःचा भाला गुडघ्यावर मोडून त्यानं त्याच्या पात्यातून दोन खंजीर घडवले, एक तिला आणि एक स्वतःला. ग्रुपवर हाहाकार. भालेवाले आणि खंजीरवाले असे उभे दोन तट पडले. भालेवाल्यांनी अग्निपालच्या चित्राला हार घालून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. एकानं सुतक म्हणून नऊ दिवस डीपी काळा ठेवला. मी खंजीरवाला. मी रीतसर लग्नपत्रिका बनवली, खाली 'आमच्या अग्निकाकाच्या लग्नाला यायचं हं' असं लिहिलं आणि व्यवस्थापक म्हणून मंगेशचं नाव घातलं. पाच मिनिटांत मंगेशनं मला ग्रुपमधून काढलं. फोन केला तर उचलेना.

त्याचा साखरपुडा त्याच आठवड्यात मोडला होता, हे मला चार दिवसांनी त्याच्या बहिणीकडून कळलं. पत्रिका आठवून मला मान वर करवेना.

रविवारी घणकाकूला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला आन. लोखंडाचं भांडान हाय, लोखंडापाशी मिटंल. काकूनं बोलावलंय म्हन."

मंगेश आला. माझ्याकडे न बघता बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोन्ही तटांचे बाकीचे लोकही आले होते आणि मध्ये जागा सोडून बसले होते. काकूनं भाल्याच्या पात्याचं चित्र बोटांनी मोजलं, दोन्ही खंजिरांचं मोजलं आणि निकाल दिला.

"एका भाल्यात दोन खंजीर व्हनार नायत. एक खंजीर व्हईल. आन् फार तर एक खुरपं."

भालेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मंगेश उठून म्हणाला, "म्हणजे हे प्रेमप्रकरणच चुकीचं आहे ना काकू?"

"चूक नाय रं. दुसऱ्या खंजिराला लोखंड कमी पडतंय. ते तिनं आनायचं. ह्यो एकलाच मोडून घेतोय आन् ती बगत उभी, ह्ये काय खरं नाय."

कुणालाच टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळेना. तेवढ्यात तिनं ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्याचा तुकडा भट्टीतून काढला, सांडशी मंगेशच्या हातात दिली आणि घण उचलला. मंगेशनं डोळे गच्च मिटले. सांडशी सुटली, लाल तुकडा जमिनीवर पडला आणि आम्ही सगळे बाकड्यावर चढलो.

काकू हसून हसून खाली बसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माजं लगीन झालं त्या साली माजा घण चुकला. मालकांची करंगळी चपटी झाली. तीन दिस माज्याशी बोललं नायत. मला वाटलं, आता घालवतात माहेरी. चवथ्या दिशी आलं, सांडशी धरली आन् म्हनलं, हान. मी घण उचलला तर त्यांचं डोळं उघडं. माजंच मिटलं व्हतं."

मंगेश खाली बघत म्हणाला, "माझं लग्न मोडलं, काकू."

"मंग त्या अग्निपालावर का राग काढतोस? त्यानं काय तुजी नवरी पळवली?"

मंगेशला हसू आलं आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मी जवळ जाऊन म्हणालो, "पत्रिका केली तेव्हा मला माहीत नव्हतं रे." तो म्हणाला, "माहीत असतं तरी तू केली असतीस." आणि हे खरंच होतं. कर्जतला पोचायच्या आत त्यानं मला ग्रुपमध्ये परत घेतलं. भांडणं त्यानंतरही झाली, पण तळतळाट गेला.

पुढच्या वर्षी काकूला छातीचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी भट्टी बंद करायला लावली आणि ती शेडमागच्या खोलीत खाटेवर पडून राहिली. त्याच सुमारास मालिकेचा शेवटचा अंक आला, आणि त्यात लेखकानं तडिताला मारलं. ग्रुपवर भालेवाले-खंजीरवाले पहिल्यांदाच एक झाले आणि एका सुरात शिव्या देऊ लागले. मला मात्र वेगळीच चिंता. काकूला हे वाचून कसं दाखवायचं?

मी शेवट बदलायचं ठरवलं. रविवारी खाटेशी बसून तोंडाला येईल ते वाचू लागलो. तडिता जखमी होते, अग्निपाल तिला उचलून नेतो, ती बरी होते, असं बरंच काही. काकू अंगठ्यानं पान धरून चित्र बघत होती.

"चित्रात तर तिचं डोळं मिटल्यात," ती म्हणाली. "तू काय वाचतोयस रं?"

"ती झोपलीय, काकू."

"मला वाचता येत नाय, बगता येतं. नीट वाच. मी काय ल्हान हाय?"

मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं, या वेळी लिहिलेलं. संपल्यावर तिनं शेवटच्या चित्रावर बोट टेकवलं. मला वाटलं, आता रडते की काय.

"खंजीर हातात हाय अजून," ती म्हणाली. "पडू दिला नाय. झ्याक मेली." मग पान डोळ्यांजवळ नेलं. "पर धार उलट्या बाजूला काढलीय मेल्यानं. त्याला कळव."

मी चित्रकाराला ईमेल केला. उत्तर आलं नाही. दहा दिवसांनी काकू गेली.

तेराव्याला आम्ही अकराही जण गेलो. काय घालून जावं ते न सुचल्यामुळे सात जण अग्निपालचे काळे टी-शर्ट घालून आले होते. अंगणात नातलगांच्या पंगतीची तयारी चालली होती आणि आम्ही फाटकापाशी घुटमळत उभे. काकूची थोरली जाऊ, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत आली आणि आमच्या छातीवरची चित्रं एकेक करून बघत गेली.

"तुमी कोन हिचं?"

"आम्ही काकू म्हणायचो त्यांना," मी म्हणालो.

"ते सगळंच म्हनायचं. नात्यानं कोन?"

कॉमिक, भाला, खंजीर, यातलं काय आणि कसं सांगणार? शेवटी मंगेश पुढे झाला.

"आम्ही रविवारचे, आजी."

म्हातारीनं मान हलवली, जणू असं एक नातं असतंच. मग वळून आत हाक दिली, "ए, आनिक अकरा पानं मांडा गं. रविवारचं आल्यात."