ब्रेननांचा दगड

ग्लेनमुलनच्या चौकात उभं राहून नुसतं "अरे ब्रेनन!" म्हणून हाक मारली तर अर्धं गाव वळून बघतं. पोस्टमन ब्रेनन, खाटीक ब्रेनन, आणि ते दोघं ज्याच्या नावानं बोटं मोडतात तोही ब्रेननच. आयर्लंडातल्या किलकेनीच्या या कोळसापट्ट्यात म्हणूनच आडनावावर काही भागत नाही, घराण्याला चिकटलेलं टोपणनाव लागतं. ब्रायडीचं माहेर 'पांढऱ्या' ब्रेननांचं. तिच्या पणजोबाचे केस ऐन विशीत पिकले, आणि पुढच्या काळ्याभोर केसांच्या पिढ्याही पांढऱ्याच राहिल्या. सासर 'हंसवाल्या' ब्रेननांचं. त्यांच्या कुणा पूर्वजानं पाद्र्याचा हंस चोरला होता, असं पांढरे सांगायचे. हंसवाल्यांचं म्हणणं, तो हंस आपणहून चालत आला होता.

लग्न झालं तेव्हा ब्रायडीला आडनाव बदलावं लागलं नाही. पण पांढऱ्यांची लेक हंसवाली झाली, हे तिच्या आईच्या घशाखाली बरेच दिवस उतरलं नाही.

नवरा पॉड खाणीत होता. तिथले थर इतके बुटके की कुशीवर आडवं पडून कोळसा फोडायचा. पण पॉडचं काम त्याहून वाईट. नव्या वाटा काढण्यासाठी तो दगडाला भोकं पाडायचा. घरी यायचा तेव्हा भुवयांवर दळण सांडल्यासारखी राखाडी धूळ असायची. ब्रायडी दारातच त्याच्या डोक्यावर ओला फडका मारायची आणि म्हणायची, "खाण तिकडेच ठेवून येत जा, माझ्या घरात नको." पॉड हसायचा. माणूस हसरा होता. दारूला शिवत नव्हता, सिगरेटला शिवत नव्हता. रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की काठी-चेंडूच्या हर्लिंगचा सामना बघायचा आणि घसा बसेपर्यंत ओरडायचा, एवढंच काय ते त्याचं व्यसन.

पुढे त्याला ओरडताही येईना. चाळिशी उलटली नव्हती तोच चर्चची टेकडी चढताना तो थांबायला लागला. आधी एकदा, मग तीनदा. मग टेकडीच सुटली. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून ब्रायडीनं चुलीजवळ लाकडी खुर्चीत उशा रचून त्याला बसतं केलं. शेवटची सहा वर्षं तो त्या खुर्चीतच झोपला. कोळसापट्ट्यात या आजाराला कुणी मोठं नाव देत नसे. 'धूळ लागली' म्हणत, आणि पुढचं सगळ्यांना कळत असे.

अशा धूळ लागलेल्या काही जणांनी मिळून कंपनीवर दावा लावला. आजार खाणीतून आला, एवढं कोर्टानं मान्य करावं, हीच मागणी. कंपनीनं आपल्या बाजूनं डब्लिनहून छातीच्या रोगांचे मोठे डॉक्टर आणले. डॉक्टर फिन्टन ब्रेनन.

तो कोर्टात शिरला तेव्हा बाकावरच्या बायका सावरून बसल्या. फिन्टन आपला होता! इंजिनवाल्या ब्रेननांचा धाकटा. डब्लिनच्या कॉलेजात गेला त्या दिवशी गावानं टेकडीवर शेकोटी पेटवली होती. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला त्याच्या पायात बूट नव्हते, म्हणून ब्रायडीच्या आईनं आपल्या मुलाचे काढून दिले होते. नेल ब्रेनन, 'कोल्ह्या' ब्रेननांच्या घरातली, ब्रायडीच्या कानाशी लागली, "बरं झालं गं बाई. कंपनीनं आणला तरी आपलाच पोरगा आहे. खरं तेच सांगेल."

फिन्टननं शपथ घेतली आणि शांतपणे सांगितलं, की या धुळीनं फुप्फुसाला म्हणण्यासारखी इजा होत नाही. या लोकांची छाती बिघडली ती सिगरेटीनं आणि ओलसर, अस्वच्छ घरांनी.

अस्वच्छ घरांनी! ब्रायडीला वाटलं, कुणीतरी भर कोर्टात थोबाडीत मारली. दर ईस्टरला चुन्यानं भिंती रंगवणारी बाई ती. जळणासाठी कोळशाच्या भुकटीत माती कालवून गोळे वळले की नखं दुखेपर्यंत हात घासायची. आणि पॉडची सिगरेट? शेजारी धापा टाकत बसलेला तो माणूस आयुष्यात कधी धूर न काढलेला!

दावा फेटाळला गेला. कोर्टाच्या पायऱ्यांवर ब्रायडीनं डॉक्टरला गाठलं.

"फिन्टन, माझ्या पॉडच्या तोंडात कधी सिगरेट बघितलीस?"

"ब्रायडी, मी कुण्या एका माणसाबद्दल बोललो नाही."

"मग कुणाबद्दल बोललास? आत बाकावर माणसंच बसली होती ना? का मेंढरं दिसली तुला?"

तो हॅट घालून गाडीत बसला. पॉड बायकोची बाही ओढत म्हणाला, "चल गं. थंडी वाजतेय." त्यानंतर तो फार दिवस जगला नाही.

ब्रायडीनं तीन पोरं वाढवली. शाळेत स्वयंपाक केला, लोकांचे कपडे शिवले. थोरली मेव्ह गावातच शिक्षिका झाली, दोघं मुलगे इंग्लंडला गेले. खाण बंद पडली. धुळीनं माणसं मरतात हे हळूहळू सरकारनंही मानलं, पण तोवर ज्यांना ऐकायचं होतं ती माणसं टेकडीवर मातीखाली गेली होती. फिन्टनचं नाव वर्तमानपत्रात येत राहिलं. आज हा सन्मान, उद्या ती पदवी. ते पान ब्रायडी चूल पेटवायला घ्यायची.

मग चौऱ्याऐंशी साली गावाला हुक्की आली. कमिटी बसली. जगभरच्या ब्रेननांचा मेळावा भरवायचा, अमेरिकेतले, ऑस्ट्रेलियातले सगळे बोलवायचे, आणि चौकात मोठा दगड उभारून त्यावर नामवंत ब्रेननांची नावं कोरायची. कमिटीचा म्होरक्या लार ब्रेनन, खिळे-हातोड्यांचा दुकानदार. माणूस वाईट नव्हता, पण टाळ्या ऐकल्या की त्याला भान राहत नसे.

गावच्या हॉलमध्ये त्यानं नावं वाचून दाखवली. ऑस्ट्रेलियातला बिशप. आफ्रिकेत दवाखाना काढणारी नन. बॉस्टनचा मुष्टियोद्धा. किलकेनीसाठी पदकं जिंकलेला हर्लिंगपटू. त्या नावाला ब्रायडीनंही जोरात टाळ्या दिल्या. मग लारनं घसा खाकरला. "आणि ज्यांच्या हस्ते दगडाचं अनावरण होणार, ते आपले सुपुत्र, डॉक्टर फिन्टन ब्रेनन!"

टाळ्या पडल्या. पाठीमागच्या रांगेतून पडल्या नाहीत. तिथे म्हाताऱ्या विधवा बसल्या होत्या.

ब्रायडी उठली. "लार, ते नाव काढ."

"बस गं ब्रायडी. शेवटी प्रश्न घेणार आहे."

"मी प्रश्न विचारत नाहीये. काढ म्हणतेय."

"अगं, केवढा मोठा माणूस! डब्लिनमध्ये त्यांचं नाव—"

"कशानं मोठा? आमच्या माणसांच्या थडग्यांवर पाय ठेवला की कुणीही उंच दिसतो."

लारचे कान लाल झाले. "तीस वर्षं होत आली त्याला. किती दिवस उगाळणार? आणि ते ब्रेनन आहेत, हे तर तू नाकारत नाहीस?"

"ब्रेनन आमच्या गल्लीतलं कुत्रंही आहे," ब्रायडी म्हणाली. "ते निदान धन्याला चावत नाही."

कुणीतरी हसलं, कुणीतरी 'शू' केलं, आणि मतं घेऊन डॉक्टरचं नाव कायम झालं. ब्रायडी कोट चढवून निघाली. डॉक्टरच्या नावापेक्षा ज्यांनी हात वर केले त्यांचं तिला जास्त लागलं होतं. त्यातल्या निम्म्यांचे बाप धुळीनंच गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती 'ते नाव काढायला लावा' म्हणत दारोदार फिरली. कुणी चहा दिला, सोडा ब्रेडला लोणी लावून पुढे केलं आणि विषय पावसापाण्यावर नेला. नेलच्या मुलानं दारातच अडवलं. "ब्रायडी, अमेरिकेची पाहुणी मंडळी येणार, चार लोकांत तमाशा कशाला?"

आतून नेल ओरडली, "तुझा बाप मोरीपाशी बसून रक्त ओकायचा तेव्हा तुला घराबाहेर खेळायला पाठवत होते मी. म्हणून तुला तमाशा वाटतोय! ये गं आत ब्रायडी." आणि ब्रायडी आत गेल्यावर हळूच म्हणाली, "कोर्टात मीच म्हणाले होते ना, आपला पोरगा आहे म्हणून. ते अजून टोचतं मला."

मेळाव्याचा दिवस उजाडला. चौकात पताका, बँड, कापडानं झाकलेला दगड. हिरवे स्वेटर घातलेले पाहुणे एकमेकांना "तुम्ही कुठले ब्रेनन?" विचारत होते आणि कुणालाच धड सांगता येत नव्हतं. बँड थांबला तेव्हा चर्चच्या बाजूनं ब्रायडी आली. तिच्या हातात पॉडची खुर्ची होती. तिनं ती दगडाच्या पुढ्यात ठेवली आणि मागे उभी राहिली. बसली नाही. मागोमाग नेल आपली खुर्ची ओढत आली. मग आणखी एक, मग आणखी. कुणाच्या खुर्चीला अजून उशी बांधलेली होती. ज्या बायका ब्रायडीच्या विनवण्यांना नाही म्हणाल्या होत्या, त्याही आल्या. बघता बघता दगडापुढे रिकाम्या खुर्च्यांची रांग लागली, आणि त्या कशाच्या आहेत हे गावातल्या एकाही माणसाला सांगावं लागलं नाही.

लार धावत आला. "ब्रायडी, हात जोडतो. उचल या."

"या झोपायच्या खुर्च्या आहेत, लार. तुझ्या चुलत्याचीही आहे बघ यात, त्या कडेला. तीच उचल आधी."

लारनं तिकडे पाहिलं. तो खुर्चीपर्यंत गेला, पाठीवर हात ठेवला, आणि तिथेच घुटमळला.

मग डॉक्टर उठले. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी. ते सावकाश चालत ब्रायडीसमोर आले.

"ब्रायडी ना? पांढऱ्यांची?"

"पॉडची," ती म्हणाली.

"हे बघ, त्या काळी आम्हाला ठाऊक नव्हतं. वैद्यकशास्त्र तेवढं पुढे गेलं नव्हतं."

"नव्हतं ना ठाऊक? मग 'ठाऊक नाही' म्हणायचंस. देवाची शपथ घेऊन सिगरेट कशाला म्हणालास?"

पाहुण्यांतल्या एका बाईनं शेजाऱ्याला विचारलं, काय झालं.

"आणि आमची घरं अस्वच्छ म्हणालास," ब्रायडीचा आवाज आता चढला. "तू आमच्या घरात जेवला होतास फिन्टन! माझ्या आईच्या हातचे बटाटे खाल्ले होतेस! तेव्हा कुठे घाण दिसली होती तुला?"

"मला आईसारखीच होती गं ती..." डॉक्टर काहीतरी पुटपुटले, पण वाक्य पुरं केलं नाही. माफी मागतील म्हणून ब्रायडी थांबली. खरंच थांबली. त्यांनी एकदा खुर्च्यांच्या रांगेवरून नजर फिरवली, काठी फिरवून घेतली आणि गाडीकडे निघून गेले. दगडावरचं कापड शेवटी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका पाद्र्यानं ओढलं. बँडवाल्यांना काय वाजवावं सुचेना, त्यांनी काहीच वाजवलं नाही.

तिच्यावरून गावात दोन तट पडले. काहींनी ओळख टाकली. खिळे घ्यायला गेलं की लारच्या दुकानात गप्पा थांबायच्या. महिन्याभरानं लारच घरी आला, टोपी हातात धरून.

"कमिटीनं ठरवलंय, खाली जागा आहे. पॉडचं आणि बाकीच्यांचं नाव कोरू. झालं समाधान?"

ब्रायडी पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "कुठे खाली? त्याच्या नावाच्या खाली?"

"अगं, दगड तोच आहे ना..."

"जिवंतपणी त्याच्या शब्दाखाली चिरडले, आता मेल्यावरही त्याच्याच पायाशी झोपवतोस? नीघ. नीघ माझ्या स्वयंपाकघरातून!"

पिठाच्या हातानं तिनं त्याला दारापर्यंत हाकललं. मेव्ह म्हणाली, "मॅमी, तो बरं करायला आला होता." ब्रायडी म्हणाली, "माहीत आहे. म्हणून तर लाटणं मारलं नाही."

त्या हिवाळ्यात कुणीतरी डॉक्टरच्या नावावर काळा रंग फासला. सगळ्यांचा संशय तिच्यावर. पोलीस सार्जंट, तोही ब्रेनन, दार वाजवायला आला तर ब्रायडी घरी नव्हती. ती चौकात होती. गरम पाण्याची बादली आणि घासणी घेऊन, गुडघे टेकून दगड घासत होती. लार दुकानातून बाहेर आला.

"हे काय? तुलाच नको होतं ना ते नाव?"

"हे असं नको होतं," ती घासता घासता म्हणाली. "तोंड लपवून रंग फासणारा कोण भेकड आहे? मला त्याचं नाव गावानं उजेडात, स्वतःच्या हातानं काढायला हवं होतं. नाही ना काढत? मग दिसू दे. येणारा-जाणारा विचारेल कोण हा डॉक्टर, आणि मी सांगेन."

आणि तिनं सांगितलं. पुढची बरीच वर्षं, दर उन्हाळ्यात ब्रेनन आडनावाची माणसं दगडापुढे फोटो काढायला यायची, आणि खरेदीची पिशवी हातात धरलेली एक म्हातारी त्यांना अडवायची. कमिटीनं मेव्हकरवी निरोप पाठवून बघितला, पाद्र्याकडून समज देऊन बघितली. पाद्र्याला तिनं चहा पाजला आणि त्यालाही सगळं पहिल्यापासून ऐकवलं. डॉक्टर डब्लिनला वारले तेव्हा गावानं प्रार्थना ठेवली. ती गेली नाही. मेव्हनं विचारलं, "आता तरी राग सोडशील का?"

"का सोडू?" ब्रायडी म्हणाली. "तो मेलाय. खोटं अजून चौकात उभं आहे."

ती गेली ती ब्याऐंशीव्या वर्षी, कोबी चिरता चिरता. दगड तिथेच आहे, नावही आहे. उन्हाळ्यात पाहुणे आले की आता नेलचा मुलगा चौक ओलांडून त्यांच्याकडे जातो.