चार तास आणि एक साप

दिल्लीत डॉक्टरकी शिकून धडगावला आले तेव्हा वाटलं होतं, मी मोकळेपणानं बोलले की लोकही बोलतील. मी बोलले. लोक खिडकीबाहेरचे डोंगर बघत बसले! तेव्हापासून किस्से साठताहेत. एक सांगायला घेतला की मागचे तीन धावत येतात.

विषयच तसा. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या काही पुरुषांना मनात काही नसताना ताठरता येते, भयंकर दुखते आणि उतरतच नाही. प्रायपिझम. पुन्हा पुन्हा होतो. चार तासांत दवाखाना गाठला नाही, तर कायमचं नुकसान.

मी हौसेनं भिंतीवर त्याचं चित्र लावलं. आमच्या सिस्टर कुंदाताई रनाळ्याच्या, बोलणं अहिराणी. त्यांनी लगेच चित्र झाकायला त्यावर कॅलेंडर टांगलं. "मॅडम, लोके लाजतस!"

दुसऱ्या दिवसापासून तारीख बघायला पुरुषांची ही गर्दी! एक जण तर अख्खं कॅलेंडर वर धरून पाच मिनिटं उभा.

जामसिंगभाऊ, चाळिशीचे, दोन पोरांचे बाप, "पोट दुखतं" म्हणत आले. मी पोट दाबलं.

"खाली."

गुडघा दाबला.

"एवढं खाली नाही!"

मी त्यांना लाल कार्ड दिलं. ते दाखवलं की दवाखान्यात रांगेत थांबावं लागत नाही. आणि सांगितलं, दुखायला लागलं की पाणी प्या, लघवीला जा, चाला. नाहीच उतरलं तर थेट इथे.

भाऊ पहाटे पाड्याला चकरा मारू लागले. पाड्यानं ठरवलं, पोलीस भरती! शेजारी मोबाइलवर टाइम लावून ओरडायचा, "भाऊ, अजून दोन मिनिटं कमी करा, सिलेक्शन पक्कं!"

परवा मात्र चकरांनी भागलं नाही. दोन तास गेले, तेव्हा भाऊ जीपमध्ये येऊन बसले. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय हलत नाही.

"अजून सात सीट," ड्रायव्हर म्हणाला.

तिसरा तास लागला. खरं सांगावं, तर शेजारी पाड्यातल्या मावशी! शेवटी भाऊ ओरडले, "साप चावला!"

जीप सुटलीच! पण मावशींनी टर्रकन पदराची पट्टी फाडली.

"कुठं चावला? वर घट्ट बांधते!"

भाऊंनी पिशवी मांडीवर ओढली.

"अरे, बोल ना!"

"मावशी, बांधायला जागा नाही!"

चौथा तास संपायच्या आत भाऊ माझ्या टेबलावर होते. वेळेत सुटले. बाहेर मावशी विचारत होत्या, साप कोणता होता?

"बिनविषारी शे," कुंदाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओपीडी उघडायच्या आधी जीप स्टँडवर गेले. सगळ्या ड्रायव्हरांना लाल कार्ड दाखवलं.

"आजपासून हे ज्याच्या हातात, त्याला साप चावलाय. एकच सीट भरली असली तरी जीप सोडायची. आणि कुठे चावला, ते कोणी विचारायचं नाही!"