तीन नंबरचा इंजेक्टर

आकाराम मिस्त्री जळत होता. उगाच शब्द मऊ कशाला करायचा? जळत होता!

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं त्याचं गॅरेज. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस. जोतिबाच्या चढाला दम टाकलेल्या जीपा लोक ओढत त्याच्याच दारात आणायचे. एखादा पार्ट मिळेना झाला की हा लेथवर करवून आणायचा. वर विचारायचा, “कंपनीला जमतंय ते आमच्या उद्यमनगरला जमत न्हाय व्हय?” चार वर्षांपूर्वी मूळच्या कुरुंदवाडच्या अरिहंतनं जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा तिला टर्बो बसवला आकारामनं, इंजिनात पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर घातले तेही आकारामनंच. कागदावर गाडी अरिहंतची, पण तिच्यावर जीव ह्याचा.

आणि तीच गाडी आज समोरच्या क्रांतीच्या गॅरेजात बॉनेट उघडून उभी!

क्रांती म्हणजे तिशीतली बाई, पुण्याला शिकून आलेली. गॅरेज टाकून दोन वर्षं झाली नाहीत तोवर दारात गाड्यांची रांग. आकाराम तिला ‘लॅपटॉपवाली’ म्हणायचा आणि म्हणताना नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं तोंड करायचा.

झालं होतं असं. गाडी सकाळी लवकर स्टार्ट होईना, झाली की काळा धूर, ऑइलला पेट्रोलचा वास. आकारामनं दोनदा प्लग बदलले. फरक शून्य. तिसऱ्या खेपेला अरिहंत सरळ पलीकडं वळला. जाताना नुसता हात वर केला, परक्या पावण्याला करावा तसा. तो हात आकारामला फार लागला.

आता हा बाकड्यावर पाना हातात धरून बसलेला आणि डोळे रस्त्यापलीकडं. क्रांतीनं पेट्रोलच्या लाइनीला प्रेशरचं मीटर लावलं, इंजिन बंद केलं नि काटा बघत उभी राहिली. काटा भराभरा खाली आला. मग तिनं चारी इंजेक्टर, ते ज्या पेट्रोलच्या नळीत बसतात त्या रेलसकट वर उचलले, खाली पांढरा कागद पसरला आणि चावी फिरवून नुसता पंप चालू केला. दोन नंबरखाली कागद भिजला. चार नंबरखालीही.

“थेंब गळतायत बघा,” ती अरिहंतला म्हणाली. “प्लगचा काय दोष न्हाई.”

हात्तिच्या! कागदाचा एक तुकडा! हे आपल्याला सुचू नये? आकारामच्या अंगाचा तिळपापड झाला. ती चुकली असती तर त्यानं गल्लीत पेढे वाटले असते.

चारी इंजेक्टर नवे आले. क्रांती एकेक बसवत गेली. तिनं तीन नंबर रेलमध्ये दाबला आणि आकाराम ताठ बसला.

रेलमधलं ते तिसरं भोक त्याचं स्वतःचं पाप होतं. चार वर्षांपूर्वी त्याच्या हातनं आतून ओरखडा उठला होता. नवी रेल यायला महिना लागला असता, म्हणून त्यानं भोक केसभर मोठं करून घेतलं. आधी कंपनीचीच रबर रिंग लावून बघितली. गॅरेजात थेंब नाही, पण शिरोली नाक्यापर्यंत इंजिन तापलं नि पेट्रोल बाहेर! मग त्यानं जाड रिंग करवून घातली आणि तोंड मिटून बसला. अरिहंतलासुद्धा बोलला नाही. ती जाड रिंग आता जुन्या इंजेक्टरबरोबर भंगारात पडली होती. नव्याला कंपनीची बारीक रिंग.

त्याच्या मनात उकळ्या फुटल्या. गळू दे! कळू दे सगळ्यांना लॅपटॉपवालीचं काम!

क्रांतीनं इंजिन चालू केलं, बॅटरीचा उजेड मारून बघितलं. सगळं कोरडं. अरिहंतनं खुशीत बायकोला फोन लावला, “रुचिता, पोरीला तयार कर. आत्ता आलो, पन्हाळ्याला जाऊन येऊया.”

पन्हाळ्याचा घाट. तापलेलं इंजिन. त्यावर पेट्रोल. आकाराम उठला. बसला. काय करावं सुचेना. अरिहंतनं गाडीत बसून दार लावून घेतलं तसा तो रस्ता ओलांडून धावला.

“बंद कर! इंजिन बंद कर आधी!”

आणि त्यानं सगळं सांगितलं. भोक, ओरखडा, रिंग. क्रांतीनं तीन नंबर काढला, बोट आत फिरवलं, आणि तिचा चेहरा उतरला. “पेटली असती गाडी,” ती हळूच म्हणाली.

अरिहंत उतरून बाजूला पडलेल्या टायरवर बसला. “मिस्त्री, चार वर्षं माझी पोरगी ह्या गाडीत बसत्या की ओ.”

क्रांती आकारामकडं बघतच राहिली.

“काका, तीन नंबर बसवून पाऊण तास झाला. तुम्ही समोरच बसला होता की.”

“व्हतो,” आकाराम म्हणाला. “तू चुकायची वाट बघत व्हतो.”