मोठ्यांच्या चटईवर पोराचं कालवण

न्याकुमवेंडाच्या मुसळाचा आवाज आमच्या वाडीत सगळ्यांच्या आधी उठायचा. डोंगरावर ऊन उतरायच्या आत तिचं मक्याचं पीठ कुटून झालेलं असे. रुकुरू नदीकाठची आमची जमीन काळी, आणि बाईही त्या जमिनीसारखीच. बोलणं कमी, पण हाती पडेल ते वाढवणारी. अंगावरचं दूध तुटलेली, काटकुळी, किरकिरी पोरं लोक तिच्या ओट्यावर आणून सोडत. भोपळ्याचा वेल मांडवावर चढेपर्यंत तीच पोरं शेळ्यांच्या मागे धावायला लागत.

आणि त्या वर्षी तिच्याच घरातला माणूस वाळत चालला होता. तिचा नवरा, योतामू. खांद्याची हाडं सदऱ्यातून दिसायला लागली. शेतापर्यंत जाताना तो दोनदा बसे. थंडी तोंडावर आली होती, आणि हा माणूस थंडी काढणार नाही, ही भीती न्याकुमवेंडाच्या मनात घर करून होती.

आम्ही पुरुष संध्याकाळी उंबराखाली एकाच चटईवर जेवतो. प्रत्येक घरची सून आपापलं ताट आणून ठेवते, आणि ताटावरून घराची अब्रू ठरते. वयानं योतामू मोठा, म्हणून कोंबडी कुणाच्याही घरची असो, पेटा, म्हणजे तिच्या पोटातली दाणे दळणारी पिशवी, त्याचाच. तो जाड, चिवट तुकडा म्हणजे मान.

एके दिवशी न्याकुमवेंडानं मला कुंपणाशी गाठलं. "काय रे, आमचे हे चटईवर जेवतात ना नीट?"

"आमच्यापेक्षा जास्त, काकू! हाडसुद्धा मागे राहत नाही."

"हाडसुद्धा? तोंडात चार दात उरलेत, आणि हाडं चावतात होय आमचे राजे?"

तिची नजर अंगणात गेली. तिथं त्यांचा कुत्रा उन्हात लोळत होता. त्याचं नाव 'बघवत नाही'. आमच्याकडे शेजाऱ्याला ऐकवायचं ते कुत्र्याच्या नावात ठेवतात. भोपळ्यासारखा गरगरीत झाला होता तो. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, आणि मलाही तेव्हाच उमजलं. म्हातारा मान घेत होता आणि चटईच्या कडेनं हळूच मांस कुत्र्याला सोडत होता. स्वतः सिमाचा, मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाचा, गोळा नुसत्या रश्शात बुडवून गिळत होता.

नवऱ्याला ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सरोवरातले सुके बारके मासे उखळात घातले आणि धूळ होईपर्यंत कुटले. भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट केलं. भोपळ्याच्या कोवळ्या पानांच्या शिरा सोलल्या, आणि सगळं एकत्र मंद जाळावर लोण्यासारखं होईपर्यंत शिजवलं. दूध तुटलेल्या पोरांना ती हेच भरवायची.

"आत्या, कोंबडा कापू ना?" सून टेमवानं विचारलं.

"कोंबडा राहू दे. हे ने."

"चटईवर? पोराचं कालवण? अहो आत्या, मला तिथंच पुरतील!"

"पुरलं तर मला पुरतील. जा, गार होतंय."

टेमवानं गुडघे टेकून भांडं ठेवलं आणि मान वर न करता पळाली. लामेकनं झाकण उचललं. योतामूचा बालमित्र तो, जिभेला हाड नाही.

"योतामू! कोंबड्या मेल्या, की बायको रुसली? पाळण्यातलं जेवण आलंय तुला!"

सगळे हसले. योतामूचा चेहरा काळवंडला. भांडं परत नेण्यासाठी त्यानं सुनेला हाक मारली, पण ती केव्हाच घरात शिरली होती.

लामेकनं थट्टेनं सिमाचा घास त्यात बुडवला आणि तोंडात टाकला. दुसरा घास मोठा घेतला. शेजारच्या म्हाताऱ्यानंही हात घातला. लामेक कित्येक वर्षं एकाच गालानं चावत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"अरे, खरवडता काय!" योतामू ओरडला. "माझ्या घरचं आहे ते!" त्यानं भांडं पुढ्यात ओढलं आणि जेवला. किती दिवसांनी जेवला, ते त्याचं त्याला ठाऊक. 'बघवत नाही'नं त्याच्या हाताला नाक लावलं.

"जा बाबा," तो म्हणाला. "तुझे दिवस सरले."

त्यानंतर ते कालवण या ना त्या घरून चटईवर येऊ लागलं. का, ते कुणी विचारलं नाही. थंडी आली आणि गेली. मका काढायला योतामू न बसता शेतावर पोचला.

पुढे पाहुणे आले म्हणून कोंबडा झाला. जेवणं उरकली, आणि टेमवा रिकामी भांडी घेऊन स्वयंपाकघराशी आली. एका वाटीत पेटा होता, अख्खा.

"मामंजींनी परत पाठवलाय. म्हणाले, ज्याला दात आहेत त्यानं खावा. तुझ्या आत्याला दे."

न्याकुमवेंडानं आयुष्यभर तो तुकडा शिजवला होता, चाखला कधी नव्हता. ती ओट्यावर बसली आणि सावकाश चावू लागली.

"कसा आहे?" टेमवा पुढे वाकली.

"चिवट." ती आणखी थोडं चावत राहिली. "एवढ्यासाठी होय यांचा रुबाब!" आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. मग उरलेला अर्धा तिनं सुनेच्या तळहातावर ठेवला.

कुत्रा आशेनं दारात उभा होता. त्याच्याकडे दोघींनी बघितलंसुद्धा नाही.